काळुरामचं गोड

“माजं वजन कुठं गेलं म्हाईत नाय, पन मी काय ता कुनाला उसनं दिलेलं नाय,” असं काळुराम एकदा बोलला होता. बोलला तेव्हा तो काट्याच्या पारड्यात बसलेला होता आणि त्याचे पाय हवेत लोंबत होते.

ते पाय लोंबत होते हीच मुळात बातमी होती. पेणच्या खाडीकडल्या त्या मिठागरात हंगामाच्या शेवटी, सगळी रास गोण्यांत भरून झाली की, माणसं गंमत म्हणून स्वतःला तोलून घेत. एका पारड्यात मिठाच्या गोणी, दुसऱ्यात माणूस. काळुरामची पाळी सगळ्यांच्या शेवटी. तमाशात राजा येतो तसा तो लुंगी सावरत यायचा, बसायचा, आणि पारडं जमिनीला असं आदळायचं की खालची मिठाची धूळ उडून पुढच्या रांगेतल्या लोकांच्या डोळ्यांत जायची. डोळे चोळत लोक हसायचे. वर्षभर उन्हात पाय भाजून घेतल्यावर एवढीच करमणूक त्यांच्या वाट्याला होती, आणि ती फुकट होती.

त्या वर्षी काळुराम बसला आणि वर गेला. सावकाश, झोपाळ्यावर बसवलेल्या नव्या नवरीसारखा. काटा धरणाऱ्या जनूला वाटलं, गोणी जास्त भरली गेली. त्याने ती बदलली. काळुराम वरच. मग जनूने काट्याच्या दांडीला एक टपली मारली, कारण काटा बिघडला असेल ही शक्यता काळुराम बिघडला असेल या शक्यतेपेक्षा सगळ्यांना जास्त पटणारी होती. शेवटी वरूनच काळुरामने ते वाक्य टाकलं, लोक पोट धरून हसले, आणि वाक्य बांधावरून धावत गावात गेलं. काळुराम घरी पोचायच्या आधी ते त्याच्या बायकोच्या, चंद्रावतीच्या कानावर पडलेलं होतं.

ती हसली नाही. तिला हे आधीपासून ठाऊक होतं. नवऱ्याच्या कमरेचा करगोटा शिमग्याच्या सुमारास खाली सरकायला लागला तेव्हा तिनेच त्याला एक गाठ मारून दिली होती. पुढे आणखी एक, मग आणखी एक. काळुराम म्हणायचा, आता कमरेवरच माळ जपायची सोय झाली. ती गाठ मारताना दोरा दातात धरायची, त्यामुळे तिला उत्तर द्यावं लागत नसे.

काळुरामचं शरीर हे खरं तर त्याच्या एकट्याचं नव्हतंच. ते गावाच्या मालकीचं होतं. लग्नात पंगतीला तो बसला की वाढपी कमरा कसत. होडी चिखलात रुतली की त्याला हाक जायची. एकदा तो जोह्याला गणपतीच्या कारखान्यात कुणाकडे तरी गेला होता, तेव्हा तिथला मूर्तिकार हातातला मातीचा गोळा तसाच धरून त्याच्या पोटाकडे आडव्या नजरेने बघत राहिला. तेवढ्यावर काळुरामने पुढची सगळी वर्षं काढली. मुंबईत घराघरांत लोक हात जोडतात ते कुणाच्या पोटाला, असं तो विचारायचा, आणि उत्तराची वाट न बघता पोटावरून हात फिरवायचा. आता फिरवायला हात होता, पोट नव्हतं. कातडी होती, रिकाम्या गोणीसारखी दुमडलेली.

आणि जेवण कमी झालं म्हणावं तर तेही नाही. उलट वाढलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या तो पूर्वी चवीने खायचा, आता घाईने खायचा. कुणीतरी मागून येऊन ताट ओढून नेणार असल्यासारखा. पाणी तर असं प्यायचा की मडक्यालाच धाप लागावी. प्यायलेलं पाणी आत थांबत नसे. काम सोडून पुन्हा पुन्हा बांधाच्या पलीकडे जाई. जनू म्हणायचा, काळ्या, खाडीला एवढी भरती पुरे, तू कशाला भर घालतोस.

गावाने आपापली निदानं दिली. नजर लागली हे पहिलं, कारण पोटाला नजर लागणं सगळ्यांत सोपं. लेक सगुणा रोह्याला दिली, तिच्या काळजीने बाप वाळला, असं बायकांचं मत. पुरुषांचं मत निराळं होतं आणि ते चंद्रावती आली की थांबायचं. एकाने जंत म्हणून वावडिंगाचा काढा आणून दिला. तो पिऊन काळुरामला भूक आणखी लागली. दात किडलेत, दात काढा, असंही एक जण म्हणाला. त्याचे स्वतःचे नुकतेच काढले होते आणि त्याला सोबत हवी होती.

काळुरामची भावजय सीताबाई मात्र कसलंच निदान देत नव्हती. त्याचा थोरला भाऊ कमळाकर असाच गेला होता. आधी गाल गेले, मग मांड्या, मग खोकल्यातून उरलेला कमळाकर थोडा थोडा करून गेला. त्या आजाराचं नाव त्या घरात घेत नसत. नाव न घेण्याची त्यांच्याकडे रीतच होती. साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं, तसं. सीताबाईला एकच गोष्ट राहून राहून आठवायची, आणि ती ती कुणालाही सांगायची: शेवटच्या दिवसांत त्याने जिलेबी मागितली आणि पथ्य म्हणून आपण दिली नाही. मेलाच शेवटी, म्हणायची, आन् पेज खाऊन मेला. काळुराम हे ऐकताना नेहमी पायाच्या नखांकडे बघायचा.

एक दिवस दोघी जावा दारात तांदूळ निवडत बसल्या असताना सीताबाई हलकेच म्हणाली, “चंद्रा, त्येचे कानामागं बघ गो. कानामागं खड्डा पडला का मग काय खरं नाय.”

चंद्रावतीने तो दुपारी झोपला तेव्हा बघितलं. खड्डा होता. मग तिला प्रश्न पडला की हा आधीपासूनच होता की काय. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या कानामागे तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. तिने उठून सीताबाईच्या मुलाच्या कानामागे पाहिलं, शेजारच्या म्हाताऱ्याच्या पाहिलं. सगळ्यांनाच खड्डे होते. तरी तिचा जीव खाली बसेना. सीताबाईचे मोकळे हात समोर तांदळात फिरत होते, आणि चंद्रावती स्वतःच्या बांगड्या कोपराकडे सरकवून बसली, जणू त्या कुणाला दिसल्या नाहीत तर राहतील.

तिने त्याला डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे पेणला बाजार करायचा आहे असं सांगून एस्टीत बसवलं आणि दवाखान्याच्या दारात हात धरला.

डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, आणि शब्दांना इस्त्री करून बोलायचा. संध्याकाळची गर्दी होती. पाळी आली तेव्हा त्याने काळुरामला इतके प्रश्न विचारले की तो सोयरीक जुळवायला बसलाय असं वाटावं. खोकला येतो का, संध्याकाळी अंग तापतं का, शौचाला रक्त पडतं का. हात पुढे करा; थरथरतात का बघू. गळा चाचपला. छातीत धडधडतं का, रात्री घामाने अंथरूण भिजतं का, घरात कुणी गेलं का, मन कशात लागत नाही असं होतं का. माणूस विनाकारण वाळत नाही, तो म्हणाला. कारण असतंच, फक्त ते कधी छातीत असतं, कधी गळ्यातल्या गाठीत, कधी आतड्यात, आणि कधी नुसतं मनात बसून आतून कुरतडतं. काळुरामला हे सगळं आवडत नव्हतं. पण खातो किती या प्रश्नाला त्याने इतकं सविस्तर उत्तर दिलं की डॉक्टर लिहिता लिहिता थांबला.

मग त्याची लघवी घेतली. डॉक्टरने काचेच्या नळीत निळं पाणी ओतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं होतं ते हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता नळीत विटेचा रंग उतरला. जोह्याच्या रंगाऱ्यालाही एवढ्या झटपट जमलं नसतं. काळुरामला त्यातल्या त्यात अभिमान वाटला.

“क्षय नाय ना?” चंद्रावतीने विचारलं. तो शब्द तिने कित्येक वर्षांत पहिल्यांदा तोंडाबाहेर काढला होता.

“नाही हो काकू. क्षय नाही. डायबेटिस आहे.”

पुढचं तिला ऐकूच आलं नाही. नाही हा एकच शब्द तिने पदरात बांधून घेतला. डायबेटिस हे जे काही होतं ते होऊ दे. त्या नावाने त्यांच्याकडे अजून कुणी मेलेलं नव्हतं. तेवढ्यात कंपाउंडरने तिला औषधासाठी आणलेली बाटली धुऊन आणायला सांगितलं, म्हणून ती मागच्या नळावर गेली. नळावर आणखी बायका होत्या. ती परत आली तोवर दवाखान्यात बल्ब लागला होता, कंपाउंडर तसबिरीपुढे उदबत्ती ओवाळत होता, आणि डॉक्टर काळुरामला शेवटचं सांगत होता, “तर लक्षात ठेवा काका. गोड बंद. पूर्ण बंद.”

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या खाडीकाठी दिवे लागले की मिठाला मीठ म्हणत नसत. गोड म्हणत. तिन्हीसांजेनंतर शेजारीण वाटी घेऊन आली तर थोडं गोड दे गो म्हणायची, आणि तिला कुणी साखर देत नसे. का म्हणत, हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. नाव घेतलं तर रास पाझरते, असं जुनी माणसं सांगत. ज्यांचं अख्खं वर्ष त्या राशीत पांढरं होऊन पडलेलं असायचं, त्यांना विषाची परीक्षा कशाला हवी होती. दिवसा मीठ, रात्री गोड. गावात रांगणाऱ्या पोरालाही ते कळायचं.

आणि हा पुण्याकडचा डॉक्टर, आपल्याकडची रीत किती पाळतो, याचं चंद्रावतीला केवढं कौतुक वाटलं. एवढं शिकलेला, पण दिवा लागल्यावर मिठाचं नाव तोंडातून काढलं नाही.

एस्टीतून उतरून गावाच्या वाटेला लागल्यावर ती हलकी होऊन बोलत होती. काळुराम मागून पाय ओढत येत होता. मध्येच म्हणाला, “कमळाकरला पन डाक्टर नायच बोलला व्हता.”

“त्यो डाक्टर येगळा. ह्यो नवीन हाय.”

“नवीन डाक्टर नवीन खोटं बोलतो,” काळुराम म्हणाला. “मरनाऱ्याला तोंडावर कोन सांगतंय गो.”

ती रागावली, मग थोडं अंतर चालून तिने खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, गोड बंद म्हणजे आपलं गोड ना. काळुरामने वाटेतला एक दगड पायाने बाजूला केला. डॉक्टर काय बोलला ते तू ऐकलंस ना, तो म्हणाला, मग.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात मीठ बंद झालं. ज्या घराच्या पडवीत मिठाची गोण टेकून उभी असायची, ज्या घरातल्या माणसांच्या टाचांच्या भेगांतही मीठ होतं, तिथे आमटी अळणी, भात अळणी, खाडीतल्या निवट्यांचं कालवण अळणी. गावाला हे ऐकून दुसऱ्यांदा हसू फुटलं. सोनाराने लंगोटीवर राहावं तसं ते दिसत होतं. चंद्रावतीने हसणाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही. एकट्याला कसं अळणी वाढायचं, म्हणून तीही तेच खायची, आणि घास घशाखाली उतरेना झाला की पाण्याचा घोट घ्यायची.

नवल काळुरामचं होतं. कालवणात मीठ चिमूटभर कमी पडलं तर ताट सरकवणारा हा माणूस, मीठ कसं असावं यावर जनूशी तासन्‌तास वाद घालणारा हा माणूस, पहिल्या दिवशी अळणी आमटीत भाकरी कुस्करून मुकाट जेवला. तिने भीत भीत विचारलं, कसं झालंय. तो म्हणाला, बरं झालंय. दोनदा म्हणाला. लग्नानंतर तिच्या हातच्या जेवणाला त्याने बरं म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. डोळ्यांत आलेलं पाणी तिने चुलीच्या धुरावर ढकललं.

अशा गुणी आजाऱ्याला जपायला नको? मीठ गेलं, तर जिभेला काहीतरी हवं. ती त्याला भाकरीबरोबर गुळाचा खडा द्यायला लागली. चहात एरवीपेक्षा मूठ सैल सोडायला लागली. नारळीपौर्णिमेला भात केला तो गुळाने इतका काळा झाला की तळाशी चिकटला, आणि ती खरवडही त्यालाच दिली. अंगावर मांस चढायला गूळ चांगला, असं सगळेच सांगत होते. पेणच्या बाजारात गेली की जिलेबीचा पुडा आणायची. काळुराम आधी नको नको म्हणायचा, नको म्हणता म्हणता हात पुढे यायचा. एकदा बोटं चाटत म्हणाला, दे, दे, जाताना तोंड गोड असलेलं बरं. असलं अभद्र बोलू नका, म्हणून तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि आणखी एक वेढा दिला.

नारळीपौर्णिमा झाल्यावर ते पुन्हा पेणला गेले, पुन्हा संध्याकाळी. नळीत पुन्हा वीट उतरली, आधीपेक्षा भाजलेली. डॉक्टरने गोड बंद आहे ना म्हणून विचारलं. चंद्रावती म्हणाली, “कनभर नाय. शप्पत. मी सोता बघतंय.” तिचा स्वर असा होता की डॉक्टरला ते विचारल्याची लाज वाटली. मला हे कोडंच आहे, असं काहीसं पुटपुटत त्याने गोळ्या वाढवल्या. काळुराम या वेळात भिंतीवरचं कालनिर्णय वाचत होता. त्याला वाचता येत नव्हतं.

करगोट्याला आता गाठ मारायला दोरा उरला नव्हता. चढण नसलेल्या वाटेवरही तो मध्येच बसायचा. चंद्रावती जावेच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायला लागली. गणपतीत रोह्याहून सगुणाचा निरोप आला की बाबांना चार दिवस इकडे आणा, बघावंसं वाटतं. त्या बघावंसं वाटण्याचा अर्थ चंद्रावतीला कळला, आणि तिने नाही म्हटलं नाही.

सगुणाचा नवरा धाटावला कंपनीत होता. धुराडी तेव्हा नवी होती आणि शिफ्ट हा शब्दही. तो घरी असला तर झोपलेला असायचा. त्यामुळे घर चालायचं ते त्याच्या आईच्या, विमलबाईंच्या तोंडावर. भाताची आणि वालाची शेती एकटीने ओढलेली बाई, अंगाने काटक, आणि थट्टेचं निमित्त मिळालं तर हातातलं काम टाकून थट्टा करणारी. खाडीकडची माणसं आली की ती विचारायची, काय हो, आमच्या गोड्या विहिरीचं पाणी बाधणार नाही ना तुम्हाला. काळुरामला दारात बघून मात्र तिने नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि ते चंद्रावतीला थट्टेपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विमलबाईंनी चंद्रावतीला मोरीकडे बोलावून घेतलं. मोरीच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. लाल, बारीक, वारूळ सोडून आल्यासारखी. व्याहीबुवा रात्री इथे उठले होते, विमलबाई म्हणाल्या. माझ्या सासऱ्यांच्या लघवीला अशाच लागायच्या.

चंद्रावतीने मुंग्यांकडे पाहिलं. मिठागराच्या बांधावर मुंगी कुठली असायला. त्या मातीत गवताचं पातं जगत नाही. काळुराम शिमग्यापासून तिथे जात होता आणि ती जमीन एका शब्दाने बोलली नव्हती. रोह्याच्या मातीने एका रात्रीत सांगून टाकलं.

“गोड बंद करा त्यांचं,” विमलबाई म्हणाल्या.

“बंदच हाय,” चंद्रावती म्हणाली. तिच्या आवाजात जरा ठसका आला. “पावसाच्या आधीपासून बंद हाय. त्येंच्यासंगं मी पन सोडलंय.”

विमलबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग ओसरीकडे बघितलं. ओसरीवर काळुराम केळीच्या पानापुढे बसला होता. सगुणाने वडील आलेत म्हणून मोदक पुन्हा केले होते. एक त्याच्या हातात होता, आणि गुळाचं सारण हनुवटीवरून ओघळत होतं.

“मग ते काय आहे?”

“ता?” चंद्रावती म्हणाली. “ता दिवसाचं गोड. डाक्टरनं रातचं गोड बंद केलंय.”

विमलबाईंना आधी काही कळेना. मग चंद्रावतीने, या वरच्या लोकांना काही रीतभात माहीत नसते अशा सुरात, सगळं समजावून सांगितलं: दिवा, नाव, रास, पाझरणं, दवाखान्यातला बल्ब. ऐकता ऐकता विमलबाई मोरीच्या काठावर बसल्या. पदर तोंडात कोंबून त्या हसायला लागल्या. हसताना त्यांचे खांदे, कानातल्या कुड्या, सगळं हलत होतं. अग माझे बाई, म्हणत होत्या, मिठागरवाल्याला अळणी घातलंस आणि साखरेच्या आजाऱ्याला गूळ. मग त्यांचं लक्ष चंद्रावतीच्या तोंडाकडे गेलं आणि त्या एकदम थांबल्या.

चंद्रावती हसत नव्हती. ती मनातल्या मनात एकेक वस्तू उचलून बघत होती. चहातली सैल मूठ. भाताची खरवड. जिलेबीचा तो जास्तीचा वेढा. तिने ओसरीवर जाऊन नवऱ्याच्या हातातला अर्धा मोदक काढून घेतला. काळुरामने काही विचारलं नाही. बोटं धोतराला पुसली आणि अंगणातल्या तुळशीकडे बघत बसून राहिला.

रोह्याहून त्यांनी थेट पेण गाठलं. दिवसाउजेडी. डॉक्टरकडे त्या वेळी गर्दी नव्हती. चंद्रावतीने उभ्यानेच सगळं सांगितलं, जसं पंचायतीपुढे सांगतात. मधेच डॉक्टरने रुमाल काढून तोंडाला लावला. त्याला खोकला आला असावा. पण नळी दिव्यावर धरली तेव्हा त्याचा चेहरा बदलला. रंग उतरायला या वेळी वाट बघावी लागली नाही.

त्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि पहिल्यांदाच इस्त्री न केलेल्या भाषेत सांगितलं. खाल्लेलं अंगी लागण्याआधीच साखर होऊन वाहून जातंय. पोट भरलेलं असतं आणि शरीर उपाशी. उपाशी शरीर मग स्वतःलाच खातं. आधी चरबी, मग मांस. तेच तुम्ही काट्यावर पाहिलंत. आता नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, इंजेक्शनं घ्यावी लागतील, रोज. मीठ खाऊ दे त्यांना, खुशाल खाऊ दे. साखर आणि गूळ थांबला तर माणूस वाचेल. नाही थांबला तर ही दिवाळी मी सांगू शकत नाही.

“वाचंल?” चंद्रावतीने विचारलं.

“वाचेल. आधीसारखं पोटही येईल, पण ते नको येऊ दे.”

तिने मान हलवली. हलवत राहिली. मग पदराने तोंड झाकून म्हणाली, “माजी चूक हाय डाक्टर. त्येंची काय नाय. मी माज्या हातानं त्येंना मारीत व्हते.”

डॉक्टर गडबडला. बायका रडल्या की त्याला काय करावं सुचत नसे. तिला धीर द्यायचा म्हणून तो घाईघाईने बोलायला लागला. तुमची कसली चूक, काकू, तुम्ही तर त्या दिवशी बाटली धुवायला गेला होतात. चूक असलीच तर माझी, मी तुम्हाला पुन्हा सांगायला हवं होतं. काकांना मी नावं घेऊन सांगितलं होतं. चहातली साखर, गूळ, आंबा, सगळं. त्यांना ते नीट कळलंय असं मला वाटलं, कारण त्यांनीच मला उलट विचारलं होतं.

“काय इचारलं?”

“जिलेबी पण का, म्हणून.”

पंखा फिरत होता. चंद्रावतीने तोंडावरचा पदर बाजूला केला आणि नवऱ्याकडे वळून बघितलं. काळुराम बाकावर बसला होता. कालनिर्णय त्याच्या पाठीमागे होतं. या वेळी वाचायला समोर काही नव्हतं.

“तुमाला म्हाईत व्हतं?” ती म्हणाली.

काळुराम उठला. टोपी डोक्यावर नीट बसवली, चपला पायात सारल्या, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरून बाहेर गेला.